जुनी गाडी परत परत तापते, कुलंट कमी होतं पण लीक सापडत नाही: कुठून शोधायचं

गाडी दहा-बारा वर्षांच्या पुढे गेली की हा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो. कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या लिक्विडची, बाटली मिनिममच्या खाली गेलेली दिसते, आपण पाणी टाकतो, तापमानाचा काटा परत जागेवर येतो, काही दिवस सगळं छान चालतं आणि मग परत तेच. मग कोणी सांगतं थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कुलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी व्हॉल्व्ह) काढून टाक, कोणी सांगतं रेडिएटरच बदल, कोणी लीक बंद करायची पावडर आणून देतं, खर्च होत राहतो आणि कुलंट जायचं काही थांबत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कूलिंग सिस्टीम ही बंद सिस्टीम आहे, कुलंट काही पेट्रोलसारखं जळून संपत नाही, त्यामुळे ते सारखं कमी होतंय याचा अर्थ एकतर बाहेर गळतंय नाहीतर इंजिनच्या आत जातंय. ते नक्की कुठे जातंय हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. आणि डोळे झाकून टॉप-अप तर अजिबात करू नका, कारण दर वेळी वरून पाणी ओतलं की किती कमी झालं होतं, किती दिवसांत झालं होतं, ही सगळी माहिती हातची जाते.

आधी हे वाचा, मग बोनेट उघडा. गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कुलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. चालू गाडीत कुलंट ९०-१०० डिग्रीच्या आसपास असतं आणि वर दाबाखाली असतं, झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं, चेहरा आणि हात भाजल्याच्या केसेस अशाच होतात. इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा जाड रबरी होज पाइप फडक्यातून दाबून बघायचा, कडक लागला तर थांबायचं. मऊ पडला आणि इंजिन हाताला कोमटच लागतंय अशी खात्री झाली तरच जाड फडकं ठेवून झाकण हळूच पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, फुसफुस पूर्ण थांबू द्यायची आणि मग काढायचं. दुसरं म्हणजे रेडिएटरच्या फॅनमध्ये हात घालायचा नाही, बऱ्याच गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो फॅन आपोआप चालू होतो, खाली हात घालून काम करायचं असेल तर फॅनचा कनेक्टर किंवा बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

आता लेव्हल. सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली, सपाट जागेवर उभी, अशा वेळीच लेव्हल बघायची. गरम असताना कुलंट फुगतं त्यामुळे संध्याकाळी घरी आल्या आल्या बघितलेल्या लेव्हलला काही अर्थ नाही. बाटलीवर लेव्हलच्या बरोबरीने कागदी टेपचा तुकडा चिकटवा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि रोज त्याच वेळी बघा. यातून दोन गोष्टी कळतात, कमी होण्याचा वेग किती आहे, आणि गाडी चालवली तरच कमी होतं की नुसती उभी असतानाही होतं. उभ्या गाडीतही कमी होत असेल तर बाहेरची गळती असण्याची शक्यता जास्त. फक्त चालवल्यावरच होत असेल तर दाब आल्यावर गळतंय किंवा इंजिनच्या आत जातंय.

इथे एक भानगड लक्षात ठेवा, बाटल्या दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली नुसती साधी प्लास्टिकची, बारीक नळीने जोडलेली. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीच दाबाखाली असते आणि तिलाच आट्यांचं जाड झाकण असतं. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, असं सर्रास होतं. कारण इंजिन गरम झालं की जादा कुलंट बाटलीत जातं आणि थंड होताना व्हॅक्यूमने परत ओढलं जातं, पण ती बारीक नळी कुठे चिरली असेल किंवा झाकणाचं सील गेलं असेल तर परत येताना कुलंटऐवजी हवा ओढली जाते. माणूस रोज बाटली बघतो, फुल आहे म्हणून निश्चिंत असतो आणि इंजिन हवेवर चालू असतं. त्यामुळे अशी गाडी असेल तर थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचंच, कुलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

झाकणापासून सुरुवात करा

सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला असतो, तो बारमधला दाब आहे, काहींवर ८८ किंवा १०८ असतं ते किलोपास्कलमध्ये. हा दाब कशासाठी, तर साधं पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं पण वर १ बार जादा दाब असेल तर १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, आणि कुलंट-पाणी निम्मं-निम्मं असेल तर १३० च्या आसपास जातं. म्हणजे झाकण दाब धरत नसेल तर सिस्टीममध्ये दुसरं काहीही बिघडलेलं नसताना चढणीवर एसी लावून जाताना कुलंट उकळतं, बाटलीतून बाहेर फेकलं जातं, रेडिएटरच्या पुढच्या भागावर वाळून जातं आणि खाली डागसुद्धा सापडत नाही. कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेने निघून जाते आणि शिटीच होत नाही, तसंच हे.

झाकण उलटं धरून नीट उजेडात बघा. खालची मोठी रबरी रिंग नखाने दाबून बघा, दबून परत वर आली पाहिजे. तिच्यावर गोल खाच कायमची उमटलेली असेल, कडेला बारीक भेगा असतील किंवा रबर प्लास्टिकसारखं टणक लागत असेल तर ते झाकण गेलं. मधोमध जी छोटी गोल चकती असते ती व्हॅक्यूमची व्हॉल्व्ह, तिला नखाने ओढलं तर थोडी उघडून परत बसली पाहिजे, अडकलेली असेल तर इंजिन थंड झाल्यावर आत व्हॅक्यूम होतो आणि सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. रेडिएटरच्या गळ्याच्या ज्या कडेवर ही रिंग बसते ती कडसुद्धा बोट फिरवून बघा, तिथे क्षार साठून खडबडीत झाली असेल तर नवीन झाकणही दाब धरणार नाही. बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं टाकलं तर जास्त चांगलं असं नाही, जुने होज आणि प्लास्टिकच्या टाक्या तो जादा दाब सोसत नाहीत आणि मग नवीन लीक तयार होतं.

झाकण बदलून आठवडाभर लेव्हल बघा. कमी व्हायचं थांबलं तर काम झालं.

बाहेरचं लीक

लोक गाडीखाली डबकं शोधतात आणि नसलं की लीक नाही म्हणतात. जुन्या गाडीतलं लीक बहुतेक वेळा इतकं बारीक असतं की ते गरम इंजिनवर पडून तिथल्या तिथे वाळतं. त्यामुळे ओलं शोधायचं नाही, वाळलेलं शोधायचं. कुलंट वाळलं की मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी अशी खरखरीत पापडी राहते, कुलंटचा जो रंग असेल त्याची छटा असते. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि प्रत्येक जोड बघा. (एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी पडतं ते साधं असतं, बोटावर घेऊन बघा, कुलंट बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. चाखून बघायचं नाही, कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.)

होज पाइपची टोकं क्लॅम्पजवळ फुगलीत का, दाबल्यावर आतून करकर असा आवाज येतो का, इंजिन ऑइल सांडून एखादी जागा मऊ, चिकट झालीय का ते बघा. मधला भाग चांगला आणि टोकं गेलेली, असंच जास्त असतं. क्लॅम्पच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, कंपनीने स्प्रिंगचा क्लॅम्प दिला असेल तर स्प्रिंगचाच परत लावा, कारण गरम-थंड होताना रबर आणि प्लास्टिक कमी-जास्त होतं आणि स्प्रिंग त्याबरोबर हलते, स्क्रूचा क्लॅम्प हलत नाही म्हणून लोक तो कचकचून आवळतात आणि प्लास्टिकचा गळा तडकतो.

रेडिएटर बहुतेक गाड्यांत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि वर-खाली किंवा डावी-उजवीकडे प्लास्टिकच्या टाक्या असा असतो, दोन्हीच्या मध्ये रबरी सील आणि धातूच्या दातऱ्या वाकवून दाबलेलं. त्या दातऱ्यांच्या रेषेत पापडी दिसली तर सील गेलं. काळं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलं असेल तर ते ठिसूळ झालंय, आज गळत नसलं तरी लांबच्या प्रवासाला निघण्याआधी बदला, कारण ही टाकी हळूहळू गळत नाही, एकदम तडकते आणि सगळं कुलंट दोन मिनिटांत रस्त्यावर जातं.

कुलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपला, ज्याला बरेच मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते चुकून पडलेलं भोक नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की कुलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ वाळलेला दिसला तर पंप जाणार आहे. भोक बंद करायचा विचारही करू नका, मग कुलंट बेअरिंगमध्ये जाईल आणि पंप जाम होईल. इंजिन बंद करून, बेल्ट काढून पुली हाताने हलवून बघा, वर-खाली खेळत असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल तरी बदला. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर टायमिंग बेल्ट बदलतानाच पंपही बदलून घ्या, दोन्हीला मजुरी तीच लागते.

हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या आत असते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलसर, गाडीत गोडसर वास, आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं जे पुसलं तरी फासलं जातं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर तीच गळतेय.

एवढं करून सापडलं नाही तर हाताने मारायच्या पंपाचा प्रेशर टेस्टर मिळवा, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळाला तरी चालेल. थंड गाडीवर झाकणाच्या जागी लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारायचा, त्याच्या वर नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा पडतोय आणि कुठे थेंब दिसतोय, तर लीक सापडलं. काटा पडतोय पण बाहेर काहीच नाही, तर आतलं लीक, त्याबद्दल खाली लिहिलंय. माझ्या मते या एका टेस्टमुळे जेवढे फुकटचे पार्ट वाचतात तेवढे दुसऱ्या कशानेच वाचत नाहीत.

कुलंट तेवढंच आहे तरी गाडी तापते, मग?

मग एकच प्रश्न विचारा, कधी तापते? ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅन. उलट गावात ठीक आणि हायवेवर वेग धरला किंवा चढण लागली की तापते, तर कुलंट नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर उष्णता टाकू शकत नाहीये. या एका प्रश्नाने निम्मे पार्ट यादीतून बाद होतात, आणि मेकॅनिककडे गेलात तरी पहिलं हेच सांगा.

मीटरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा सेट केलेला असतो की बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये तो मधोमधच राहतो आणि मग एकदम लाल पट्ट्याकडे पळतो. खरा आकडा बघायचा तर ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं सॉकेट) लावायचा छोटा ब्लूटूथ रीडर घ्या, मोबाइलवर कुलंटचं तापमान डिग्रीत दिसतं. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना हे सॉकेट बंधनकारक आहे. अजून एक, चालवताना गाडी तापलेली आहे आणि काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, कुलंट इतकं कमी झालंय की सेन्सर हवेत लोंबकळतोय असं असू शकतं. हीटर लावला आणि गार हवा आली तर तेच झालंय, लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

फॅनची टेस्ट सोपी आहे. इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागतो. एसीला फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही तर मोटर चांगली आहे, सेन्सर किंवा थर्मो स्विच तपासा. जुन्या गाड्यांत रेडिएटरलाच दोन वायरचा स्विच असतो, त्याचा कनेक्टर काढून वायरच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरच्या तुकड्याने जोडल्या (इग्निशन ऑन करून, हात लांब ठेवून) आणि फॅन फिरला तर स्विच गेलेला. हे फक्त दोन पिनांच्या साध्या स्विचलाच करायचं, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जाणाऱ्या सेन्सरच्या कनेक्टरला वायर लावायची नाही. तरीही फॅन फिरला नाही तर फ्यूज, मग रिले, बाजूच्या तशाच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघा, आणि शेवटी मोटरला बॅटरीवरून फ्यूज असलेल्या वायरने थेट करंट द्या. ज्या गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात तिथे स्लो स्पीडचा रेझिस्टर जळतो आणि फॅन फक्त फास्टवरच चालतो, त्यामुळे काटा आधी बराच वर चढतो आणि मग धडकन खाली येतो. काटा असा वर-खाली होत असेल तर रेझिस्टर आधी बघा.

हायवेवर तापणाऱ्या गाडीत पहिल्यांदा रेडिएटर बाहेरून बघा, आणि नुसता समोरून नाही. समोर दिसते ती एसीची जाळी, रेडिएटर तिच्या मागे असतो आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, किडे, पानं आणि केसांचा नमद्यासारखा थर जमलेला असतो. वरून टॉर्च मारला की दिसतो. इंजिनच्या बाजूने पुढे असं साध्या पाइपने पाणी मारायचं, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या पडतात आणि हवा कायमची बंद होते. आतून चोंदलाय का हे बघायला तापलेल्या रेडिएटरवर, इंजिन आणि फॅन बंद असताना, लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन सगळीकडे फिरवा, मध्येच एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा बराच गार लागला तर तिथून कुलंट जातच नाहीये.

मग थर्मोस्टॅट. काढून त्याच्यावर कोरलेला आकडा बघा, ८२ किंवा ८८ असा काहीतरी असतो. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेला, सोबत थर्मामीटर, दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. लिहिलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि त्याच्यापुढे दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडला, वाकडा उघडला, थंड झाल्यावर पूर्ण मिटला नाही, कुठलंही एक झालं तरी नवीन टाका. बसवताना त्याला एखादी लुडबुडणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवायची, अडकलेली हवा तिथूनच निघते.

थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका, कितीही अनुभवी माणसाने दिला तरी. इंजिन कधी पुरेसं गरम होत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि गाळ बनतो, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो नसला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं कुलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणजे चढणीवर गाडी उलट जास्त तापते.

वॉटर पंप बाहेरून कोरडा असूनही आतून गेलेला असू शकतो. आतलं पातं प्लास्टिकचं असेल तर तडकून शाफ्टवर सरकतं, लोखंडी असेल आणि वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेलं असेल तर गंजून त्याच्या कडा खाल्ल्या जातात. खालचा होज पाइप वेगात रेस केल्यावर चपटा होतो का तेही बघा, त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते आणि पंपाच्या ओढीने पाइप बसतो. उभ्या गाडीत कोणीतरी रेस देणारं लागेल, आणि बघताना बेल्ट-फॅनपासून बाही आणि ओढणी लांब ठेवा.

आत जातंय का

हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं, नाव सगळ्यांनाच नकोसं वाटतं म्हणून ते शेवटी तपासलं जातं, पण लक्षणं दिसत असतील तर उशीर करू नका. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच, म्हणजे कुलंट तापायच्या आतच, वरचा होज कडक होतो. किंवा रात्रभर थंड झालेल्या गाडीचा होज सकाळीसुद्धा कडक असतो आणि झाकण उघडलं की हवा फुस्स करून बाहेर येते. इंजिन थंड असताना झाकण उघडं ठेवून सुरू केलं तर बुडबुडे येतच राहतात. (सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असतात, ते बंद होतात, गॅस्केटचे बंद होत नाहीत.) स्पार्क प्लग काढले तर एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ निघतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ऑइल दुधाळ.

ऑइलच्या झाकणाखाली थोडं पिवळट फेसाळ दिसलं एवढ्यावरून मात्र घाबरू नका, थंड हवेत जवळ जवळच्या फेऱ्या मारल्या की नुसत्या ओलाव्यानेही ते होतं. डिपस्टिकवर काय आहे ते महत्त्वाचं.

खात्री करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते. काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्या लिक्विडमधून ओढायची, सिलिंडरमधला जळका वायू कुलंटमध्ये येत असेल तर लिक्विड निळ्याचं पिवळं होतं. कुलंट थोडं काढून लेव्हल खाली घ्या, कारण कुलंट नळीत शिरलं तर टेस्ट वाया जाते. पॉझिटिव्ह आली तर हे काम ज्याला हेड उघडायचा अनुभव आहे त्याच्याकडेच द्या, आणि हेड प्लेन आहे का, तडा आहे का हे वर्कशॉपमध्ये तपासूनच नवीन गॅस्केट टाकायला सांगा. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल आणि त्यावर नुसती नवीन गॅस्केट टाकली तर ती परत जाते.

लीक बंद करायच्या पावडरी आणि लिक्विडबद्दल लोक विचारतात. ती पावडर भोक ओळखत नाही, जिथे बारीक वाट दिसेल तिथे बसते, आणि सगळ्यात बारीक वाटा हीटरच्या जाळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत असतात. ज्या गाडीला आपल्याला अजून काही वर्षं सांभाळायचं आहे तिच्यात मी ती घालणार नाही.

परत भरताना

दुरुस्ती बरोबर होऊनही गाडी परत तापते त्यातल्या बऱ्याच वेळा कारण असतं आत राहिलेली हवा. आणि भरायचं काय याचाही घोळ असतो. रंगावरून कुलंट ठरवू नका, रंगाचं कुठलंही स्टँडर्ड नाही, दोन कंपन्यांची हिरवी कुलंट वेगळ्या प्रकारची असू शकतात आणि काही प्रकार एकमेकांत मिसळले की जेलसारखा चिखल होतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. डब्यावर नीट वाचा, कॉन्सन्ट्रेट आहे की तयार मिक्स, तयार मिक्समध्ये परत पाणी घालायचं नसतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नळाचं नाही, नळाच्या पाण्यातले क्षार गरम जागी थर धरतात. नुसतं कॉन्सन्ट्रेट घातलं तर जास्त चांगलं असंही नाही, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, आणि थंडीतही गंमत बघा, निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ डिग्रीच्या आसपास गोठतं पण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं.

पाण्याने फ्लश केलं असेल तर इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं, खालचा पाइप काढला तरी ते निघत नाही. त्यामुळे तयार मिक्स ओतलं तर ते पातळ होतं. पुस्तकातून सिस्टीमची एकूण क्षमता बघा, समजा ६ लिटर आहे, तर आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा, आपोआप निम्मं-निम्मं होतं.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर करा, हीटर फुल गरमवर ठेवा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि हळूहळू ओता, स्क्रूमधून बुडबुडे बंद होऊन सलग धार आली की तो बंद करा. मग झाकण न लावता इंजिन आयडलवर सुरू ठेवा, वरचा होज अधूनमधून दाबत राहा, लेव्हल पडेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होजही गरम व्हायला लागतो आणि लेव्हल एकदम खाली जाते, तिथे घाई करून झाकण लावायचं नाही, परत भरायचं. तोंडाशी कुलंट वर चढून उसळायला लागलं तर मात्र लांब व्हा आणि इंजिन बंद करा. फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा, हीटरमधून चांगली गरम हवा येतेय ना ते बघा, मग इंजिन बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल पुरी करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल थोडी उतरलेली असेल, ती उरलेली हवा निघाल्यामुळे, तेवढी एकदा भरा. त्यानंतरही रोज उतरत राहिली तर लीक अजून आहे.

आणि हे सगळं व्हायच्या आधी वाटेतच काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटरची जाळी हाही छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तिथून निघते आणि सुरक्षित जागी पोचण्यापुरता वेळ मिळतो. काटा लाल पट्ट्यात गेला तर तेवढाही वेळ घेऊ नका, बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, बाहेरूनही नाही आणि आतही नाही, हेड किंवा ब्लॉक तडकतो. अर्धा-पाऊण तास थांबा, होज मऊ पडू द्या, मगच झाकणाला हात लावा.

काढलेलं जुनं कुलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि वापरलेलं ऑइल जिथे घेतात अशा ठिकाणी द्या, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. जमिनीवर सांडलेलं लगेच फडक्याने टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा. ते चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि अगदी थोड्याशानेही त्यांच्या किडन्या जातात, लहान मुलांनाही तोच धोका आहे. डबा लेबल लावून, मुलांचा हात पोचणार नाही असा वर ठेवा, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.